डॅशबोर्डवरचे दिवे : गाडी आपल्याला काय सांगते, आपण रस्त्याला काय सांगतो

पावसाळ्याच्या तोंडावर आपण गाडीचे वायपर बदलतो, टायरची नक्षी पाहतो, बॅटरी तपासून घेतो. मात्र स्टिअरिंगच्या मागे रोज डोळ्यांसमोर असणारी दिव्यांची पाटी वाचायला शिकण्याचे काम बहुधा राहूनच जाते. वाहन परवान्याच्या परीक्षेत रस्त्याकडेच्या फलकांवर प्रश्न येतात. डॅशबोर्डवरच्या चिन्हांची ओळख मात्र ज्याची त्याने करून घ्यायची असते. परिणामी तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागलेला असताना ‘घरी पोहोचलो की पाहू’ म्हणून दहा किलोमीटर गाडी हाकली जाते, आणि दुसरीकडे केवळ सावधगिरीचा पिवळा दिवा पाहून घाबरून एखादा चालक घाटातल्या अवघड वळणावरच गाडी उभी करतो. दोन्ही चुका सारख्याच धोक्याच्या आहेत.

डॅशबोर्डवर दोन प्रकारचे संकेत एकत्र नांदतात. काही दिवे गाडीने चालकाला द्यावयाचे निरोप आहेत. काही कळी, कांड्या आणि बटणे चालकाने रस्त्यावरच्या इतरांना निरोप देण्यासाठी आहेत. दोन्हींचे तत्त्व एकच : एका खुणेचा सर्वांसाठी एकच अर्थ असला, तरच ती खूण उपयोगाची. गाडी हे तत्त्व काटेकोरपणे पाळते. आपण रस्त्यावर ते कितपत पाळतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी रंग पाहावा, मग चिन्ह

डॅशबोर्डवरील चिन्हे कोणत्याही एका कंपनीच्या लहरीवर अवलंबून नाहीत. ‘आयएसओ २५७५’ या आंतरराष्ट्रीय मानकात वाहनांतील नियंत्रणांची आणि दर्शक दिव्यांची चिन्हे निश्चित केलेली आहेत. म्हणूनच गाडी कोणत्याही देशात बनलेली असो, तिच्यातील तेलाची किटली, बॅटरी किंवा इंजिनाची आकृती जवळपास सारखीच दिसते.

सगळी चिन्हे पाठ करण्याची आवश्यकता नाही. रंगांचा क्रम लक्षात ठेवला, तरी निम्मे काम होते. लाल रंग सांगतो की धोका आत्ताचा आहे. सुरक्षित जागा पाहून लवकरात लवकर थांबावे. पिवळा किंवा नारिंगी रंग सांगतो की एखाद्या यंत्रणेत दोष आहे किंवा ती बंद आहे. गाडी बहुधा चालवता येईल, परंतु जपून, आणि तपासणी लांबणीवर न टाकता. हिरवा रंग केवळ एवढेच सांगतो की अमुक गोष्ट चालू आहे. निळा रंग प्रामुख्याने हेडलाइटच्या दूरच्या झोतासाठी, म्हणजे ‘हाय बीम’साठी, राखून ठेवलेला आहे.

किल्ली फिरवली किंवा स्टार्टचे बटण दाबले, की इंजिन सुरू होण्यापूर्वी बहुतेक सर्व दिवे एकदम उजळतात. ही गाडीची हजेरी असते. इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत ते विझले पाहिजेत. न विझणारा दिवा दोष दाखवतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण हजेरीच्या वेळी मुळीच न लागणारा दिवाही तितकाच संशयास्पद असतो. जुनी गाडी विकत घेताना एअरबॅगचा दिवा हजेरीच्या वेळी लागतो आणि मग विझतो की नाही, हे अवश्य पाहावे. तो लागतच नसेल, तर तो दिवा बिघडलेला किंवा मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता असते, आणि मग त्यामागच्या यंत्रणेबद्दल काहीच कळत नाही.

चार लाल दिवे

लाल दिव्यांपैकी चार प्रत्येक चालकाने ओळखलेच पाहिजेत.

पहिला, टोकाशी थेंब असलेल्या तेलाच्या किटलीचा. हा दिवा तेलाची पातळी सांगत नाही, तर तेलाचा दाब सांगतो. इंजिनाच्या वेगाने फिरणाऱ्या भागांमध्ये तेलाचा जो पातळ थर राहतो, तो या दाबामुळे टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासू लागतो आणि अत्यंत थोड्या वेळात इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. सपाट जागी काही मिनिटे थांबून तेलाची पट्टी पाहावी. तेल पुरेसे असूनही दिवा लागत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून नेणेच शहाणपणाचे ठरते.

दुसरा, लाटांमध्ये बुडालेल्या तापमापकाचा. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो. त्यांच्यात इंजिन थंड असताना हे चिन्ह निळे दिसते आणि अति तापल्यावर लाल होते. चोर्ला किंवा अनमोड घाट भरलेल्या गाडीने चढताना, एसी चालू असताना, या दिव्याकडे विशेष लक्ष असावे. तो लागताच एसी बंद करावा, गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याची चूक मात्र कधीही करू नये. शीतन यंत्रणेतील द्रव दाबाखाली असतो, म्हणून तो नेहमीच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, तो द्रव एकदम उकळून उसळतो आणि हात व चेहरा भाजतो.

तिसरा, बॅटरीचा. या दिव्याचा अर्थ बॅटरी खराब आहे असा नसून ती भारित होत नाही, असा आहे. दोष बहुधा अल्टरनेटरमध्ये किंवा त्याला फिरवणाऱ्या पट्ट्यात असतो. त्यानंतर गाडी केवळ बॅटरीतल्या शिल्लक विजेवर चालते. दिवसा, कोरड्या रस्त्यावर ती शिल्लक जवळच्या गॅरेजपर्यंत पुरेल. रात्री, पावसात, हेडलाइट, वायपर आणि पंखा चालू असताना ती फार लवकर संपते. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून बॅटरीचा दिवा आणि वाढते तापमान एकत्र दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता थांबावे.

चौथा, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला ब्रेकचा दिवा. प्रथम हॅण्डब्रेक पूर्ण सुटला आहे का, ते पाहावे. तो सुटलेला असूनही दिवा राहिला, तर ब्रेकचे तेल कमी झाले असण्याचा संभव असतो. पॅड झिजत जातात, तशी तेलाची पातळीही हळूहळू उतरते. पण ती गळतीमुळेही उतरू शकते. त्यामुळे नुसते तेल भरून दिवा विझवणे हा उपाय नव्हे, कारण शोधलेच पाहिजे. वळणावर लागून सरळ रस्त्यावर विझणारा दिवा बहुधा हेच सुचवतो की तेल सीमारेषेवर आले आहे.

येथे आपल्या दमट हवामानाचा एक संबंध आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की ते कमी तापमानालाच उकळू लागते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास उष्णता वाढते, तेलात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल खोल जाऊनही गाडी पुरेशी थांबत नाही. बहुतेक उत्पादक सुमारे दोन वर्षांनी हे तेल बदलण्यास सांगतात, ते याच कारणाने. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे, या जुन्या सल्ल्यामागेही हेच कारण आहे.

पिवळे दिवे : घाबरू नये, पण विसरूही नये

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा सर्वाधिक गोंधळ माजवतो. गाडीतील संगणकाने इंजिनाच्या किंवा धूर-नियंत्रणाच्या एखाद्या भागात दोष नोंदवला आहे, एवढेच तो सांगतो. गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि दिवा स्थिर असेल, तर एक-दोन दिवसांत गॅरेजमध्ये दाखवावे. पण तोच दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नसल्याची ती खूण असते. न जळलेले इंधन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग जाळू शकते. अशा वेळी वेग कमी करून शक्य तितक्या लवकर थांबावे. स्कॅनर लावून नोंद पुसून टाकली, की दिवा विझतो. दोष मात्र तसाच राहतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली. तिच्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. गोव्यातील अंतरे लहान. घर, कार्यालय, बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या डिझेल गाडीला ती संधी मिळत नाही. गाळणीचा पिवळा दिवा लागला, तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर काही वेळ सलग गाडी चालवल्यास तो बहुधा विझतो. दुर्लक्ष केले, तर खर्च मोठा होतो.

एबीएसचा पिवळा दिवा लागला, तर साधा ब्रेक चालू असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी मदत मात्र उपलब्ध नसते. ओल्या रस्त्यावर त्याचा अर्थ, पुढील वाहनापासून अंतर वाढवावे, असा घ्यावा. एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल, असे दोन्ही दिवे एकत्र लागले, तर मात्र गाडी पुढे चालवू नये. नागमोडी रेषा उमटवणाऱ्या गाडीचे चिन्ह मध्येच लुकलुकले, तर तो दोष नव्हे : चाके घसरू लागली आहेत आणि स्थिरता यंत्रणा काम करत आहे, असा तो निरोप आहे. त्याचे योग्य उत्तर वेग कमी करणे हेच. तळाशी दातेरी असलेल्या, नालेसारख्या आकृतीतले उद्गारचिन्ह टायरमधील हवा कमी झाल्याचे सांगते.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेगाचा इशारा अनिवार्य झाला. ताशी ८० किलोमीटर ओलांडताच थांबून थांबून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारी घंटी ती हीच. बेल्टची घंटी बंद करण्यासाठी नुसते बक्कल अडकवून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एअरबॅग बेल्टला पूरक म्हणून बनवलेली आहे. बेल्टने न रोखलेले शरीर पुढे फेकले जाते आणि अतिशय वेगाने फुगणाऱ्या पिशवीवर आदळते.

काच धूसर झाल्यावर

पावसात सर्वाधिक गरज लागते ती हवेच्या बटणांची. प्रवाशांच्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प थंड काचेवर साचते आणि काच आतून धूसर होते. फडक्याने पुसत राहण्यापेक्षा पंख्यासारख्या पसरट काचेवर वर जाणाऱ्या नागमोडी बाणांचे बटण दाबावे, एसी चालू ठेवावा आणि गाडीच्या आकृतीत वळलेला बाण असलेले बटण बंद करावे. तो वळलेला बाण आतलीच हवा फिरवतो. तो चालू राहिला तर दमट हवा बाहेर जात नाही. एसी येथे थंडाव्यासाठी नव्हे, तर हवा कोरडी करण्यासाठी हवा असतो. तापमान वाढवले तरी चालते. चौकोनी काचेवरचे तसेच बाण मागच्या काचेवरील तापणाऱ्या तारांसाठी असतात.

याच्या उलट, फार थंड एसीचा झोत काचेवर सोडला, तर आपल्याकडच्या दमट हवेत काच बाहेरून धूसर होते. तेव्हा वायपर एकदा फिरवावा आणि तापमान वाढवावे. धुके आत आहे की बाहेर, हे बोटाने काचेला स्पर्श करून क्षणात कळते.

आपण दिलेले संकेत

आता दुसरी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. त्याची टिकटिक अचानक भरभर होऊ लागली, तर त्या बाजूचा एखादा दिवा गेल्याची ती खूण असते. इंडिकेटर म्हणजे आपण आता काय करणार आहोत, याची पूर्वसूचना. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. वळण्याआधी तीन सेकंद इंडिकेटर दिला, तर मागच्यास सुमारे ५० मीटर मिळतात. वळता वळता दिला, तर काहीच मिळत नाही. डाव्या बाजूने येणाऱ्या स्कूटरस्वारासाठी हा फरक जिवाचा आहे. सर्कलमधून बाहेर पडतानाही डावा इंडिकेटर द्यायचा असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. आणि मार्गिका बदलताना स्टिअरिंग फारसे फिरत नसल्याने इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. तो चालूच राहिला, तर खोटा निरोप जात राहतो.

खुणेचे अर्थ अनेक झाले की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे घाटातील ट्रक. पुढे जाण्यास वाट मोकळी आहे, हे सांगण्यासाठी काही ट्रकचालक उजवा इंडिकेटर देतात. तोच इंडिकेटर तो स्वतः उजवीकडे वळणार असल्याचेही सांगतो. मागच्या चालकाला यातील कोणता अर्थ घ्यावा, हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणून ट्रकचा इंडिकेटर ही परवानगी समजू नये. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये.

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणाऱ्या लाल त्रिकोणाच्या बटणाची दुर्दशा याहून मोठी आहे. ते बटण धोक्याच्या जागी अडकून उभ्या असलेल्या गाडीसाठी, किंवा ओढून नेल्या जाणाऱ्या वाहनासाठी आहे. महामार्गावर पुढे अचानक अडथळा दिसला, तर मागच्यास सावध करण्यासाठी काही क्षण ते वापरणेही समजण्याजोगे आहे. पण आपल्याकडे चौकात सरळ जायचे म्हणून, चुकीच्या जागी गाडी उभी करायची म्हणून आणि मुसळधार पाऊस पडतो म्हणून, असे सर्व प्रसंगी ते दाबले जाते. पावसात चालत्या गाडीने चारही दिवे लावले, की तीन अनर्थ होतात. बहुतेक गाड्यांत त्यानंतर इंडिकेटरची कांडी वापरून वळण्याचा संकेत देताच येत नाही. मधल्या वाहनामुळे एकच बाजू दिसत असेल, तर मागच्यास ही गाडी वळते आहे असे वाटते. आणि सर्वच चालत्या गाड्या लुकलुकू लागल्या, की त्यांतली खरोखर बंद पडून उभी असलेली गाडी ओळखू येत नाही. मांडवी किंवा झुआरी पुलावर, पावसाच्या पडद्यामागे, ती ओळखू न येणे म्हणजे थेट धडक.

मग पावसात लावायचे काय? साधे हेडलाइट, खालच्या झोतावर. येथे नव्या गाड्यांतील एक सोय घातक ठरते. दिवसा आपोआप लागणारे समोरचे दिवे, म्हणजे ‘डीआरएल’, अनेक गाड्यांत केवळ पुढेच लागतात. मागचे लाल दिवे बंदच असतात. डॅशबोर्ड तर सदैव उजळलेला, त्यामुळे चालकाला दिवे लागलेलेच वाटतात. एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन छोट्या दिव्यांचे हिरवे चिन्ह डॅशबोर्डवर दिसले, तरच मागचे दिवे लागले आहेत, असे समजावे.

धुक्यात किंवा मुसळधार पावसात हाय बीमचा प्रकाश थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मागचा फॉग लाइट, म्हणजे नागमोडी रेषेसह पिवळे चिन्ह, दाट धुक्यातच लावावा. स्वच्छ रात्री तो ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर भासतो आणि मागच्यास त्रास देतो. निळा दिवा लागलेला असताना समोरून वाहन आले, किंवा आपण कोणाच्या जवळून मागे चाललो असलो, तर झोत खाली घेणे हे सौजन्य नसून सुरक्षिततेची गरज आहे. दुचाकीचा हेडलाइट मात्र भरदिवसा लागलेला दिसला, तरी हाताने खुणा करण्याचे कारण नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना तो बंद करण्याचे बटणच नसते.

अनोळखी गाडी, अनोळखी कांडी

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्या गोव्याच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसतात. त्यांच्या चालकाला रस्ता नवा असतोच, बहुधा गाडीही नवी असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची कांडी उजवीकडे असते, तर काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत डावीकडे. त्यामुळे तिठ्यावर इंडिकेटरऐवजी वायपर फिरू लागणे हे नेहमीचे दृश्य. पाहुण्यांना किंवा मुलांना गाडी देताना पाच मिनिटे उभ्या गाडीत बसून इंडिकेटर, वायपर, दिवे, लाल त्रिकोण, काचेचे बटण आणि रिव्हर्स गिअर दाखवावेत. इंधनाच्या चिन्हाशेजारचा छोटा त्रिकोण टाकीचे झाकण कोणत्या बाजूस आहे ते सांगतो, हेही त्यात आले.

गाडी पुष्कळ काही सांगते; पण बहुतेक साध्या गाड्या एक गोष्ट सांगत नाहीत : मागचा ब्रेकचा दिवा गेला आहे. तो आपल्याला कधीच दिसत नाही, मागच्याला दिसतो, आणि लागला नाही तर मागच्याच्याच जिवावर बेतते. त्यासाठी महिन्यातून एकदा, अंधार पडल्यावर, गाडी एखाद्या भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे. मग उजवा आणि डावा इंडिकेटर तसाच पाहावा, गाडीसमोर जाऊन दोन्ही हेडलाइट पाहावेत. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात, आणि मेकॅनिकची गरज पडत नाही.